एक्स-रोड : दोन देशांच्या सामायिक मालकीचं सरकारी सॉफ्टवेअर

खाडीपार

मागे इथल्याच एका धाग्यावर ‘एवढासा एस्टोनिया सगळं सरकार ऑनलाइन नेतो, मग आपल्यालाच काय धाड भरलीय’ असा सूर निघाला होता. तिथे प्रतिसाद लिहायला घेतला तो लांबतच गेला, म्हणून वेगळा धागा. ऑनलाइन मतदान, घरबसल्या कंपनी, ई-रेसिडेन्सी हे एस्टोनियाचं नेहमीचं कौतुक मी मुद्दाम टाळणार आहे. त्यावर भरपूर लिहून झालंय आणि त्यातलं निम्मं पर्यटन खात्याच्या पत्रकासारखं वाचावं लागतं. मला लिहायचंय ते शेजारच्या फिनलंडबद्दल. हेलसिंकी आणि टॅलिन यांच्यामध्ये फिनलंडच्या आखाताचं साधारण ऐंशी किलोमीटर पाणी आहे, बोटीने दोनेक तास. मी त्या पाण्याच्या फिनिश बाजूला राहतो आणि सॉफ्टवेअरमध्येच काम करतो.

थोडी पार्श्वभूमी. १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून सुटलेल्या एस्टोनियाकडे पैसा नव्हता आणि जपून ठेवावी अशी जुनी यंत्रणाही नव्हती. त्या काळातला एक किस्सा तिथले लोक फार आवडीने सांगतात. फिनलंडने आपलं जुनं अॅनालॉग टेलिफोन एक्स्चेंज फुकट देऊ केलं, तर यांनी ‘नको, आम्ही थेट डिजिटलच घेऊ’ म्हणून परत पाठवलं. त्याला तिखटमीठ किती लागलंय देव जाणे, पण सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद अस्सल असतो.

२००१ मध्ये त्यांनी एक्स-रोड (त्यांच्याकडे एक्स-टे) सुरू केला, म्हणजे सरकारी खात्यांनी एकमेकांकडून माहिती मागून घ्यायची प्रणाली. यात एक मोठा मध्यवर्ती डेटाबेस नाहीच. लोकसंख्या नोंदणी, वाहन नोंदणी, आरोग्य विमा, ज्याची माहिती त्याच्याकडेच राहते. एका खात्याला दुसऱ्याकडून काही हवं असेल तर ते थेट त्यालाच विचारतं. प्रत्येकाच्या दारात एक ‘सिक्युरिटी सर्व्हर’ बसवलेला असतो. तो विचारणारा कोण आहे हे तपासतो, संदेशावर डिजिटल मोहोर आणि वेळ उमटवतो आणि नोंद ठेवतो. यामागे दूरदृष्टी होती असं आता म्हणतात. मला त्यात काटकसर जास्त दिसते. सगळ्या खात्यांच्या यंत्रणा मोडून एक नवी उभारायला पैसे होते कुणाकडे? जोडीला कायदा आला. एकच माहिती गोळा करायला दुसरा वेगळा डेटाबेस उभारण्यास तिथल्या सार्वजनिक माहिती कायद्यात सरळ मनाई आहे. पत्ता बदलला की नागरिकाने तो एकदा सांगायचा, पुढचं खात्यांनी आपसात बघून घ्यायचं.

आता फिनलंड. पंचावन्न लाख वस्ती, नोकियाचा देश, सरकारी कार्यालयांत संगणक कधीचेच. आणि अडचण नेमकी तीच! तीनशेच्या वर नगरपालिका, प्रत्येकीने आपापल्या ठेकेदाराकडून आपापली यंत्रणा करून घेतलेली, एकीचं दुसरीला कळत नाही. यावर स्वतःचं काही नव्याने बांधण्यापेक्षा फिनलंडने एस्टोनियाची प्रणाली घ्यायचं ठरवलं. डिसेंबर २०१३ मध्ये आन्द्रुस आन्सिप आणि युर्की काताइनेन या दोन पंतप्रधानांनी सामंजस्य करारावर डिजिटल सह्या केल्या. दोन सरकारांनी अशा सह्यांनी केलेला हा जगातला पहिलाच करार, असं तेव्हा जाहीर झालं. वर्तमानपत्रांचा रस तिथे संपला.

अडचण पुढे आली. २०१५ च्या अखेरीस फिनलंडची स्वतःची आवृत्ती (पालवेलुवायला) सुरू झाली. कोड एक, मालक दोन. इकडे एक सुधारणा हवी, तिकडे दुसरी. दोघं आपापली प्रत वाढवत बसले असते तर काही वर्षांत दोन वेगळ्याच वस्तू झाल्या असत्या आणि सहकार्य फक्त भाषणात उरलं असतं. मुक्तस्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पांत हे सर्रास होतं. म्हणून २०१७ मध्ये दोन्ही देशांनी टॅलिनमध्ये एक ना-नफा संस्था नोंदवली : नॉर्डिक इन्स्टिट्यूट फॉर इंटरऑपरेबिलिटी सोल्युशन्स, थोडक्यात एनआयआयएस. कार्यालय एस्टोनियात, नोंदणी एस्टोनियाच्या कायद्याखाली आणि पहिले प्रमुख फिनिश, व्हिले सिर्व्हिओ. एस्टोनियाने आपल्या अभिमानाचा विषय असलेला कोड या सामायिक संस्थेच्या ताब्यात दिला. २०१८ पासून मूळ विकासाचं काम तिथून चालतं. आइसलँड आधी भागीदार होता, २०२१ मध्ये पूर्ण सदस्य झाला.

प्रादेशिक सहकार्य म्हटलं की शिखर परिषद, हस्तांदोलन, संयुक्त निवेदन हे डोळ्यांसमोर येतं. इथे ज्याने काम झालं ती गोष्ट फार नीरस आहे : मूळ कोडमधला बदल मंजूर कोण करणार, पैसे कोण भरणार आणि नाव कुणाचं लागणार याची उत्तरं आधी लिहून ठेवली. तंत्रज्ञान एस्टोनियाकडे २००१ पासून होतं. हे ठरायला २०१७ उजाडलं.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः सरकारी नोकरीतल्या मंडळींनी लिहा.

बिनपाण्याचा_नळ

शीर्षक वाचून वाटलं समृद्धी महामार्गाचा पुढचा टप्पा आला. तरी शेवटपर्यंत वाचलं.

हापूसद्वेष्टा

लेख चांगला आहे, पण मला हे एस्टोनियाप्रेम कळत नाही. तेरा लाखांच्या आसपास लोकसंख्या! २०११ च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची याहून जास्त होती. महापालिकेएवढ्या देशाने एखादी गोष्ट नीट चालवली तर त्याचे धडे १४० कोटींनी गिरवायचे? फिनलंडही आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढाच. दोन जिल्ह्यांनी मिळून संगणक घेतले, एवढीच बातमी आहे ही. हलके घ्या.

मीनलकें

वाचनखूण साठवली. एक शंका आहे. हे सगळं ब्लॉकचेनवर (नोंदी साखळीसारख्या गुंफून अनेक संगणकांवर ठेवायचं ते तंत्र) आहे ना? आमच्या कंपनीत एका सादरीकरणात ‘एस्टोनियाचं ब्लॉकचेन सरकार’ अशीच स्लाइड होती.

डेटासखाराम

@मीनलकें, नाही. ही अफवा इतकी पसरली की २०१८ मध्ये खुद्द एनआयआयएसला ‘एक्स-रोडमध्ये ब्लॉकचेन नाही’ असा खुलासा लिहावा लागला. गोंधळ होतो कारण एस्टोनियात काही नोंदवह्यांना कुणी हात लावला का हे तपासायला गार्डटाइम कंपनीचं वेगळं तंत्र वापरतात. एक्स-रोडचा त्याच्याशी संबंध नाही. इथे साधंच आहे : दोन्ही टोकांना ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रं, मधला संदेश कूटबद्ध, त्यावर संस्थेची मोहोर आणि कालमुद्रा, आणि दोन्हीकडे नोंद. उद्या ‘मी हे विचारलंच नव्हतं’ असं कुणी म्हणू लागलं तर ती नोंद काढून दाखवता येते.

मध्यवर्ती सर्व्हर असतो, पण त्यात सदस्यांची यादी आणि कुणाच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा तेवढंच असतं. नागरिकांची माहिती त्यातून जातच नाही. म्हणूनच दोन देश जोडणं तांत्रिकदृष्ट्या सोपं पडलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये दोन्हीकडच्या मध्यवर्ती सर्व्हरनी एकमेकांच्या याद्या मान्य केल्या. तेव्हापासून टॅलिनमधलं कार्यालय हेलसिंकीतल्या कार्यालयाला थेट विचारू शकतं. अट एकच, समोरच्याने त्या सेवेसाठी परवानगी दिलेली हवी.

@हापूसद्वेष्टा, आकाराचा मुद्दा मला इथे उलटाच वाटतो. मध्ये एकच डबा नसेल तर वापर वाढल्यावर तुंबणारी जागाही एकच नसते.

निमसरकारी

खाडीपार साहेब, मंत्रालयात उभी नोकरी गेली, म्हणून लिहितो.

सामंजस्य कराराची किंमत आम्हाला विचारा. तो होतो तेव्हा फोटो निघतो, नंतर नस्ती एका कार्यासनावरून दुसऱ्यावर फिरते. करार २०१३ चा आणि संस्था २०१७ ची म्हटल्यावर वाचकांना उशीर वाटेल. मला आश्चर्य वाटतं ते इतक्या लवकर झालं याचं. दोन देश सोडा, एका इमारतीतल्या दोन विभागांना एक सॉफ्टवेअर सामायिक वापरायला सांगून बघा. पहिला प्रश्न येतो, ‘देखभालीची तरतूद कुणाच्या लेखाशीर्षातून?’ दुसरा, ‘बदल सुचवायचा अधिकार कोणत्या हुद्द्याला?’ आणि तिसरा कुणी कागदावर लिहीत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतो : मंत्र्यांच्या भाषणात श्रेय कुणाला?

तुमच्या लेखात नेमकं हेच तिन्ही ठरवलं म्हणता, म्हणून विचारतो. या संस्थेला पैसा कुठून येतो? निविदा कोण काढतं? उद्या एकाने हात वर केले तर?

खाडीपार

@निमसरकारी, अशाच प्रश्नांची वाट बघत होतो.

पैसा सदस्य देशांच्या वर्गणीतून येतो. सर्वोच्च निर्णय सदस्यांच्या सर्वसाधारण सभेत होतात. आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची रचना डोळ्यांसमोर आणा, भांडणं वजा करून. संस्थेचा स्वतःचा चमू छोटा आहे. बराचसा कोड खुल्या निविदेने नेमलेल्या कंपन्या लिहितात. काय लिहायचं, कधी आणि कोणत्या दर्जाचं हे संस्था ठरवते.

एकाने हात वर केले तर काय, याचं उत्तर परवान्यात आहे. मूळ कोड एमआयटी परवान्याखाली (कुणीही वापरावा, बदलावा असा परवाना) खुला आहे. बाहेर पडणाऱ्याला किंवा मागे राहणाऱ्याला कोड नेता येतो, चालू असलेली यंत्रणा बंद पडत नाही. ‘एक्स-रोड’ हे नाव मात्र संस्थेचं. म्हणजे सोडून जायची भीती दोघांनाही कमी, आणि माझ्या मते म्हणूनच दोघं टिकले. पुढे ठेकेदाराच्या हातात अडकून पडायचं नाही ही फिनलंडची इच्छा आणि आपलं काम जगाने वापरावं ही एस्टोनियाची हौस, दोन्ही त्यात भागतात. युक्रेनचं त्रेम्बिता आणि किर्गिझस्तानचं तुंदुक त्याच कुळातले.

@हापूसद्वेष्टा, जिल्हा म्हणा, हरकत नाही. पण जिल्ह्याला परराष्ट्र खातं नसतं. या दोघांना आहे, वेगळे कायदे आणि वेगळी संसदही आहे.

प्राची_तुर्कू

मी इथे फिनलंडमध्ये औषधांच्या दुकानात काम करते. या सहकार्यातला सामान्य माणसाला सगळ्यात आधी कळलेला भाग म्हणजे ई-प्रिस्क्रिप्शन, त्याबद्दल लिहिते.

२१ जानेवारी २०१९ पासून फिनलंडच्या डॉक्टरने इथे नोंदवलेलं औषध एस्टोनियाच्या दुकानात घेता येऊ लागलं. युरोपीय संघात अशी सोय पहिल्यांदा याच दोन देशांत झाली. २०२० मध्ये उलट दिशाही सुरू झाली. फिनलंडमध्ये सगळी प्रिस्क्रिप्शन्स ‘कांता’ या राष्ट्रीय प्रणालीत असतात, त्यामुळे कागद न्यावा लागत नाही, ओळखपत्र लागतं.

पण एक समजूत थोडी सरळ करते. ही औषधांची देवाणघेवाण दोन देशांमधल्या एक्स-रोडच्या जोडणीवर चालत नाही. ती युरोपीय संघाच्या आरोग्य-माहितीच्या वेगळ्या जाळ्यातून जाते, प्रत्येक देशाचं त्यात एक राष्ट्रीय संपर्क केंद्र असतं. बातम्यांमध्ये दोन्ही एकत्र करून टाकतात.

प्रत्यक्षात लोक कशाला अडतात? पैशाला! इथल्या दुकानात केला (आमची सामाजिक विमा संस्था) आपला वाटा जागच्या जागी वजा करते. टॅलिनच्या दुकानात पूर्ण किंमत मोजायची आणि परत येऊन केलाकडे अर्ज करायचा. नशेच्या वर्गात मोडणारी औषधं या सोयीत मिळतच नाहीत. एस्टोनियाचे बरेच कामगार इथे बांधकामावर असतात आणि सुट्टीला गावी जातात, त्यांना याचा उपयोग होतो. रोजची रक्तदाबाची गोळी संपली आणि बोट सुटलेली, अशा वेळी तर फारच.

गडहिंग्लजकर

प्राचीताई, तुमचं ‘माहिती जाते पण सवलत जात नाही’ वाचून आपल्या रेशनकार्डाची आठवण झाली.

९ ऑगस्ट २०१९ ला आंतरराज्य रेशनची सुरुवात दोन जोड्यांनी झाली होती, आंध्र-तेलंगणा आणि महाराष्ट्र-गुजरात. नंदुरबारचं कुटुंब सुरतेला गेलं तर तिथल्या दुकानात अंगठा लावून अन्नसुरक्षा कायद्यातलं धान्य उचलू शकतं. पुढे २०२२ पर्यंत सगळी राज्यं आली. यातही राष्ट्रीय कायद्यातलं धान्य तेवढंच माणसाबरोबर जातं. राज्य सरकार आपल्या खिशातून जे जास्तीचं देतं ते राज्यातच राहतं. म्हणजे दोन सरकारांनी हिशेब कसा मिटवायचा हे जिथे आधी ठरलंय तिथे गाडी पळते, आणि जिथे ठरलं नाही तिथे अंगठा उमटूनही उपयोग नाही.

आमच्या सीमाभागात तर रोजचंच आहे. चंदगडच्या माणसाची शेती महाराष्ट्रात, बाजार बेळगावला, दवाखाना बेळगावला, पोरगं शिकायलाही तिकडेच. दोन राज्यांची कार्यालयं एकमेकांना ऑनलाइन विचारत नाहीत, मग हा माणूस स्वतःच पोस्टमन होऊन दाखले इकडून तिकडे नेतो. आपली दोन राज्यं एकमेकांशी कोणत्या विषयावर बोलतात ते सर्वांना ठाऊक आहे.

(धागा सीमाप्रश्नावर नेत नाही, काळजी नसावी.)

हापूसद्वेष्टा

गडहिंग्लजकर, +१. हे उदाहरण पटलं.

आता दुसरी बाजू. सगळी खाती एकमेकांना विचारू लागली की सरकारला आपल्याबद्दल किती कळेल याचा हिशेब कुणी ठेवायचा? शिवाय २०१७ मध्ये एस्टोनियाच्या ओळखपत्रांची चिप फुटली होती ना? तो भाग लेखात कुठे आहे?

डेटासखाराम

फुटली नव्हती, फुटू शकते असं दिसलं. चेक संशोधकांना एका नामांकित कंपनीच्या चिपमध्ये गुप्त डिजिटल किल्ल्या तयार करण्याच्या पद्धतीत दोष सापडला. एस्टोनियाची साडेसात लाखांहून जास्त कार्डं त्यात आली. सप्टेंबर २०१७ च्या सुरुवातीला सरकारने स्वतःहून जाहीर केलं, ऑक्टोबरमध्ये स्थानिक निवडणुकीत ऑनलाइन मतदानही घेतलं (यावरून तिथे बरीच टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते). शेवटी ३ नोव्हेंबरला दोष असलेल्या कार्डांची प्रमाणपत्रं स्थगित केली. लोकांनी नवीन प्रमाणपत्रं घरून किंवा कार्यालयात जाऊन घेतली.

एक्स-रोड आणि ओळखपत्र या वेगळ्या गोष्टी आहेत, पण एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. फिनलंडचंच बघा. तिथले लोक सरकारी संकेतस्थळावर बहुतेक वेळा बँकेच्या ओळखीने लॉगिन करतात, सरकारी कार्डाने क्वचित. म्हणजे रस्ता सामायिक, पण रस्त्यावर येण्याचं फाटक प्रत्येकाचं आपलं. सामायिक करायचं काय आणि सोडून द्यायचं काय याची निवड मला आवडली.

पाळतीबद्दल : एस्टोनियात नागरिकाला सरकारी संकेतस्थळावर आपली नोंद कोणत्या खात्याने पाहिली हे बघता येतं. सगळी खाती त्यात नाहीत, पण लोकसंख्या नोंदणीसारखी महत्त्वाची आहेत. कारण नसताना डोकावणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई होते. आपल्याकडे निदान एवढं तरी मागायला हवं.

मीनलकें

एकमेकांना विचारण्याची सोय झाली म्हणता, पण प्रत्यक्षात दोन देश काय विचारतात? की रस्ता बांधला आणि वाहनंच नाहीत?

खाडीपार

@मीनलकें, टोचणारा प्रश्न आहे. वाहनं आहेत, पण गर्दी नाही. दोन्हीकडच्या व्यवसाय नोंदणी कार्यालयांनी ही वाट धरली, कारण तिथे मुळात माहिती सार्वजनिक असते, कुणाच्या खासगीपणाला धक्का लागत नाही. लोकसंख्या नोंदणीचं काम फार अवघड गेलं. एस्टोनियाचे पन्नास हजारांच्या आसपास नागरिक फिनलंडमध्ये राहतात. त्यातले कितीतरी दोन्हीकडे रहिवासी म्हणून नोंदलेले असायचे, मग कर, मुलांचे भत्ते, मतदार यादी सगळीकडे गुंता. तो सोडवायला दोन सर्व्हर जोडून भागत नाही. ‘रहिवासी’ कुणाला म्हणायचं याची दोन्ही देशांची व्याख्या शेजारी ठेवून वकिलांना बसावं लागतं. मी याला अपयश म्हणणार नाही. पण ज्या परिषदांमध्ये ‘सीमाविरहित डिजिटल समाज’ अशा घोषणा होतात तिथे हा भाग सांगत नाहीत, याचा मला राग येतो.

निमसरकारी

डेटा दूतावास नावाचा प्रकार एस्टोनियानेच काढला ना? त्यावर दोन ओळी टाका. धाग्याच्या विषयात बसतो.

खाडीपार

हो. २००७ मध्ये टॅलिनमधला सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलवण्यावरून दंगल झाली आणि पाठोपाठ बँका, वृत्तपत्रं, सरकारी संकेतस्थळांवर मोठे सायबर हल्ले झाले. उद्या भूमीच हातून गेली तर सातबारा कुठे शोधायचा, हा प्रश्न त्यांच्यासाठी काल्पनिक नाही, १९४० मध्ये सोव्हिएत कब्जा झाला तेव्हा एकदा होऊन गेलेला आहे. म्हणून जून २०१७ मध्ये लक्झेंबर्गशी करार केला. पंतप्रधान युरी रातास आणि झेव्हिए बेटेल यांच्या सह्या. तिथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये एस्टोनियाच्या महत्त्वाच्या नोंदवह्यांची प्रत ठेवलेली असते. ती जागा अनुल्लंघनीय, म्हणजे लक्झेंबर्गचे पोलीससुद्धा परवानगीशिवाय आत जाऊ शकत नाहीत.

१९६१ च्या व्हिएन्ना करारात राजदूत, कचेरी, टपाल यांचं संरक्षण आहे. सर्व्हरच्या खोलीत राजदूत बसत नाही. त्यामुळे तो करार ताणण्यापेक्षा दोघांनी स्वतंत्र द्विपक्षीय करार लिहिला. नंतर मोनॅकोनेही लक्झेंबर्गशी तसाच केला.

निमसरकारी

आभार. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात गिफ्ट सिटीत परदेशांचे डेटा दूतावास येऊ देण्याची घोषणा होती, तिचा संदर्भ आता लागला. भूतान, मालदीव, मॉरिशस असे शेजारी-पाजारी आपल्याकडे प्रत ठेवतील का? तंत्र आपल्याकडे आहे. पण आमचा पोलीस त्या खोलीत शिरणार नाही हे लिहून द्यायचं तर गृह खातं सही करेल का, हे सांगा. माझा अनुभव विचाराल तर पहिली हरकत तिथूनच येईल, आणि वित्त विभागाची दुसरी.

हापूसद्वेष्टा

तिसरी सांस्कृतिक कार्य विभागाची. सवयीने.

मीनलकें

प्राची, जरा अवांतर विचारते. आई-बाबा उन्हाळ्यात हेलसिंकीला येणार आहेत, तिथून टॅलिन करायचं आहे. बाबांच्या गोळ्या तिकडच्या दुकानात मिळतील का या सोयीत?

प्राची_तुर्कू

नाही मिळणार. फिनलंडचा व्यक्तिगत ओळख क्रमांक आणि इथल्या डॉक्टरने कांतामध्ये नोंदवलेलं प्रिस्क्रिप्शन, दोन्ही लागतं. भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी दोन्ही देशांत चालत नाही. मुक्कामाला पुरून वर उरतील इतक्या गोळ्या घरूनच आणायला सांग, मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या इंग्रजी पत्रासह. बीपीचं मशीन आणू नका म्हणावं, माझं देते.